आधी काय सुटलं

वाऱ्याने काय पडू शकतं हे ते पडायच्या आधी मोजून सांगायचं, हे माझं काम. पाण्याच्या टाक्या, जाहिरातींचे सांगाडे, कारखान्यांच्या शेड. सीताबर्डीच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. सहा कॉम्प्युटर, एक कूलर आणि आम्ही चार माणसं. सर सोडले तर तिथली सगळ्यात जुनी मीच.

लोकांना हे काम अवघड वाटतं. अवघड नाही, चिवट आहे. कॉम्प्युटरवर आधी वस्तू उभी करायची, मग तिच्याभोवतीच्या हवेचे लाखो तुकडे करायचे आणि एका बाजूने वारा सोडायचा. प्रत्येक तुकड्यात दाब किती, वेग किती, ते मशीन मोजतं. तो दाब वस्तूवर टाकला की वस्तू वाकते. बरेच जण इथेच थांबतात. पण वस्तू वाकली की वाऱ्याची वाट बदलते, वाट बदलली की दाब बदलतो, आणि वस्तू आणखी निराळी वाकते. खरं गणित करायचं तर एक प्रोग्राम हवेचा आणि एक लोखंडाचा घ्यावा लागतो, आणि दोघांना दर पावलाला एकमेकांना विचारत पुढे जावं लागतं. त्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक घाईत असलं की वस्तू हलतच नाही असं धरून एकदाच मोजतात आणि वर थोडी भर घालून आकडा देतात. सगळे तसं करतात. मीही केलं.

ते काम सोलर बसवणाऱ्या एका कंपनीचं होतं. नागपुरात लोकांना गच्चीवर पॅनल हवे असतात, पण गच्चीही हवी असते. म्हणून पॅनल दीड पुरुष उंचीच्या लोखंडी फ्रेमवर बसवतात. खाली माणसं वावरतात, वाळवणं घालतात, संध्याकाळी खाट टाकून बसतात. कंपनीने एक ठरावीक फ्रेम तयार केली होती. वारा ती किती जोराने वर उचलेल, एवढंच आम्ही सांगायचं होतं. मी आकडा दिला. त्या आकड्यावरून खांबांच्या पायातले बोल्ट किती जाड आणि किती खोल, ते ठरलं. ती फ्रेम मग बऱ्याच घरांवर चढली. मी राहते त्या हुडकेश्वरमध्येही.

कॉम्प्युटरवर गच्ची उभी करताना आम्ही आधी सफाई करतो. दोऱ्या, कुंड्या, कूलर, मोडकी खुर्ची, सगळं पुसून टाकायचं, नाही तर हवेचे तुकडे फार होतात आणि मशीन बसतं. चांगली सफाई करता येणं हे आमच्या धंद्यात कसब समजतात. माझी सफाई चांगली होती. गच्ची, कठडा, फ्रेम आणि पॅनल, एवढंच ठेवलं होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी साडेचारच्या सुमाराला आभाळ पिवळं झालं. मी गच्चीवर पळाले, कारण आमची हिरवी नेट बांधलेली होती. इथे उन्हं तापायला लागली की सगळेच गच्चीला हिरवी नेट बांधतात. आम्हीही एप्रिलमध्ये बांधतो, मृगाला काढतो. सोलर आमच्याकडे नाही. नेट चार पाइपांना बांधलेली असते. वारा सुटल्यावर ती सोडणं हे दोघांचं काम आहे, पण नवरा झोपला होता. मी विळ्याने सुतळ्या कापल्या. शेवटची कापताना नेटने असा हिसका दिला की तळहाताची साल निघाली. नेट गोळा करून जिन्यात कोंबली आणि खाली आले. तेवढ्यात पाच गल्ल्या पलीकडून आवाज आला. पत्र्याचा आवाज ओळखू येतो. हा पत्र्याचा नव्हता.

तिथे एका घरावरची सोलरची फ्रेम पॅनलसकट उचलली गेली होती आणि शेजारच्या गच्चीवर पडली होती. शेजारची बाई कुरुड्या गोळा करायला वर आली होती. साठीची होती. आभाळ आलं की गच्चीवर धावायचं, हे आम्ही सगळ्याच करतो. ती तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारली.

फ्रेम ज्यांनी जोडली त्या वेल्डिंगच्या मिस्त्रींना पोलीस दुसऱ्याच दिवसापासून ठाण्यात बसवून ठेवत होते. फ्रेमचा एक जोड तुटलेला होता आणि त्याचा फोटो वस्तीतल्या प्रत्येक मोबाइलवर होता. कंपनीने सांगून टाकलं की वेल्डिंग कच्चं होतं. मग कंपनीने आमच्या ऑफिसला पत्र पाठवलं की पडण्याचं कारण शोधून लेखी द्या. कोणतं कारण हवं आहे ते पत्र वाचून कळत होतं.

मी पाहायला गेले तेव्हा मिस्त्री फाटकाबाहेर उभे होते. पन्नाशीचा, बारीक माणूस; मनगटांवर ठिणग्यांचे जुने डाग. घरमालक गच्चीवरून ओरडले, "त्याले आत नका घेऊ मॅडम."

"मी कुठी आत येऊन राह्यलो," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमीच का थ्या हवेवाल्या मॅडम?"

"हो."

"मंग एक सांगा. जोड तुटला म्हनून फ्रेम उडाली, का फ्रेम उडाली म्हनून जोड तुटला? आधी काय सुटलं?"

"तेच बघायला आले."

"पाहा मंग. जोडाचे फोटो सारे काढून राह्यले. बोल्टाचा एकानंही नाही काढला. बोल्ट दिसाले खराब दिसते ना फोटोत."

वर गेले. खांबांच्या पायातले बोल्ट काँक्रीटचा मोदकाएवढा तुकडा घेऊन उपटले होते. मी त्यांची लांबी मोजली. ड्रॉइंगप्रमाणे होती, मिलिमीटरचाही फरक नव्हता. तुटलेला जोड वरच्या आडव्या पाइपाचा होता. आणि तीन बाजूंच्या खांबांना नायलॉनच्या सुतळीच्या गाठी होत्या. त्यांत हिरव्या चिंध्या अडकलेल्या होत्या.

"नेट बांधली होती का?" मी मालकांना विचारलं.

"बांधली होती ना. वरून पॅनलची सावली, पन बाजूनं ऊन येते. तीन बाजूनं बांधली, जिन्याची बाजू खुली ठेवली." मग थोडं चिडून म्हणाले, "काहून? तुमी नाही बांधत?"

"बांधते," मी म्हटलं.

जिन्याची बाजू उत्तरेची होती. त्या दिवशी वारा उत्तरेकडूनच आला होता. म्हणजे एका तोंडाने आत शिरला, तिन्ही बाजूंना नेट, वर पॅनल. मला ते तिथेच कळलं होतं. पण कळणं आणि मोजणं यांत फरक आहे, आणि ठाण्यात कळण्याला कोणी विचारत नाही.

परत निघताना मिस्त्रींना विचारलं, नेट बांधली होती हे तुम्हाला माहीत होतं का.

"आमचं घर उमरेडचं, विणकराचं," ते म्हणाले. "बापाच्या हातमागावर मी धा वर्सं बसलो. सूत वाळत घातलं असलं का वारा किती धरते, मले मालूम आहे. म्या कंपनीच्या साइटवाल्याले म्हटलं होतं, लोकं नेट बांधतीन, बोल्ट वाढवा. थो म्हने, कॉम्प्युटरनं काढलं आहे, तू वेल्डिंग कर."

कॉम्प्युटरनं म्हणजे मी. ते मी त्यांना त्या वेळी सांगितलं नाही.

ऑफिसात आधी जुनंच गणित पुन्हा चालवलं. फ्रेम उभी राहिली. मग नेट घातली. नेटचं एकेक भोक काढत बसत नाहीत. थोडी हवा सोडणारा आणि थोडी अडवणारा एक पडदा धरतात. किती सोडतो आणि किती अडवतो, तो आकडा हवा होता. मी घरून आमच्या नेटचा तुकडा कापून नेला, टेबलफॅनसमोर धरला आणि वारा मोजायच्या हातातल्या यंत्राने पुढचा आणि मागचा वेग घेतला. बर्डीच्या दुकानातून नवी नेट आणून तिचंही तसंच केलं. दीड महिना धूळ खाल्लेली नेट नवीपेक्षा खूपच कमी हवा सोडते. ऑफिसातले दोघे पाहत होते. एकाने विचारलं, "मॅडम, आता घरची चटईपण आणता का?" मी म्हटलं, कोणी फ्रेमला चटई बांधत असेल तर आणीन.

या वेळी वस्तू हलत नाही असं धरलं नाही. हवा आणि लोखंड दोन्ही सोबत चालवले. दोनदा सगळं कोसळलं, म्हणजे गणितच कोसळलं. पॅनल हलके असले की दोन्ही प्रोग्रामचं एकमेकांशी जुळत नाही, आकडे भलतीकडे पळतात. पावलं आणखी लहान केली. तिसऱ्यांदा सोमवारी सकाळी लावलं ते मंगळवारी दुपारी पूर्ण झालं.

आधी उत्तरेकडच्या दोन खांबांचे बोल्ट सुटले. ती बाजू बोटभर वर आली. बोटभर वर आल्याबरोबर वाऱ्याला आणखी मोठी जागा मिळाली, म्हणून ती हातभर वर आली, आणि मग काहीच शिल्लक राहिलं नाही. बोल्ट सुटले त्या क्षणी मिस्त्रींच्या जोडावर तो सोसू शकतो त्याच्या निम्मासुद्धा ताण नव्हता. जोड तुटला तो फ्रेम शेजारच्या कठड्यावर आपटल्यावर. मग मी मुद्दाम जोड अर्ध्या ताकदीचा करून पुन्हा चालवलं. तरीही आधी बोल्टच सुटले. वर उचलणारा जोर माझ्या जुन्या आकड्याच्या दुपटीहून जास्त होता.

शेजारची गच्ची मी या वेळी कठड्यासकट घेतली होती. तिच्यावर कोणी नव्हतं. गणिताला लागत नाही.

मला त्या दुपारी कशाची लाज वाटली ते सांगते. माझा आकडा चुकला याची वाटलीच, पण तो तर कोणाचाही चुकतो. मी पंधरा वर्षं दर एप्रिलमध्ये नेट बांधते. वारा आला की ती कशी ओढते हे माझ्या हाताला माहीत आहे. त्या फ्रेमचं काम मी केलं तेही अशाच एका मागच्या एप्रिलमध्ये. घरी नेट बांधून ऑफिसात आले आणि कॉम्प्युटरवरची गच्ची साफ केली. बाहेरच्या कोणी हे काम केलं असतं तर त्याला नेट माहीत नव्हती असं म्हणता आलं असतं.

सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनीच मला हे काम शिकवलं.

"बोल्ट आधी सुटले म्हणजे आपला आकडा," ते म्हणाले.

"हो."

"नेट मालकाने बांधली. आपल्या ड्रॉइंगमध्ये नेट नाही."

"मे महिन्यात नेट नसलेली गच्ची तुम्ही मला दाखवा, सर. तुमच्या घरी आहे की नाही?"

"माझ्या घरचं सोडा." त्यांनी पेन मिटून ठेवलं. "असं करा. वेल्डबद्दल पक्का निष्कर्ष काढता येत नाही, एवढं लिहा. ते खोटं नाही. पक्कं कशाबद्दलच काढता येत नसतं."

"त्या मिस्त्रीला रोज ठाण्यात बसवतात."

"बसवतात, सोडतात. आपलं ऑफिस बसलं तर चौघं घरी बसतील. ती बाई तर आता परत येत नाही."

मी ते वाक्य टाइप केलं. वेल्डबद्दल पक्का निष्कर्ष काढता येत नाही. डबा खाल्ला, हात धुतले. वाक्य स्क्रीनवर तसंच होतं. वाचायला खरोखरच खोटं वाटत नव्हतं, आणि तेवढ्यावर एक माणूस तुरुंगात गेला असता. मी ते पुसलं. यात मोठेपणा काही नाही. मी त्याच वस्तीत राहते. आधी काय सुटलं हे विचारणारा माणूस मला रोज दिसणार होता. मी लिहिलं: जोड शाबूत होता, बोल्ट आधी सुटले, बोल्ट ज्या भारावरून ठरले तो भार मी काढला, त्यात नेट धरायला हवी होती, धरली नाही. खाली सही केली. सरांनी तो कागद कंपनीला जाऊ दिला, अडवला नाही. फक्त त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

दुसरं काम लगेच करायचं होतं. वस्तीत त्याच फ्रेमची आणखी घरं होती आणि पावसाळा लागायला अवकाश होता. कंपनी हलेना, म्हणून मीच सकाळी दारोदार जाऊन नेट काढा असं सांगत फिरले. एक बाई पोळ्या करता करता उठून आली. माझं सगळं ऐकून म्हणाली, "नेट काढा म्हनता, मंग उन्हात भाजून मरू काय? सोलर तुमीच लोकं लावता, नेट तुमीच काढा म्हनता. आमी करावं तरी काय वं बाई?" मी म्हटलं, वर आभाळ आलं की निदान सुतळ्या कापा. ती म्हणाली, "आभाळ आलं का आधी पापड उचलू का सुतळ्या कापू?" तिचा प्रश्न बरोबर होता. काही घरांनी काढल्या, काहींनी नाही.

मग रिपोर्टची प्रत घेऊन मिस्त्रींच्या घरी गेले. दोन खोल्या, वेल्डिंगचं मशीन मोरीजवळ पोत्याखाली झाकलेलं. त्यांची बायको दारात मेथी निवडत होती. तिने मला बसायला सांगितलं, पण भाजी खाली ठेवली नाही. मिस्त्रींनी चाळीस पानं उलटून पाहिली. सगळी इंग्रजी, मध्ये रंगीत चित्रं.

"यात माहं नाव कुठी आहे?"

"नाव नाही. जोड शाबूत होता असं लिहिलं आहे."

"म्हंजे जोड सुटला. मी कुठी सुटलो?" ते शांतपणे म्हणाले. "हे साहेबलोक वाचतीन. आमच्या गल्लीत कोन वाचते? मले काम सांगाले कोनी येऊन नाही राह्यलं. माहा साळाच म्हनते, तुह्या हातानं बाई मेली."

"आणखी एक सांगते," मी म्हटलं. "बोल्टचा आकडा माझा होता. तुम्ही साइटवाल्याला बोललात, तो कॉम्प्युटर म्हणजे मीच."

बायकोचा हात थांबला. मिस्त्रींनी रिपोर्ट मिटला. रागावतील असं वाटलं होतं.

"मराठीत लिहून द्या," ते म्हणाले. "एका पानावर. माहं नाव टाकून. आन हेपन लिहा, आता बोल्ल्या ते."

मी त्यांच्या मुलीच्या वहीतलं पान घेतलं. इंग्रजीत जे चाळीस पानांत सांगितलं होतं ते मराठीत अर्ध्या पानात मावलं. लिहायला मात्र वेळ लागला. रिपोर्टमध्ये 'गृहीत धरण्यात आले नाही' अशी वाक्यं चालतात, कोणी धरलं नाही ते सांगावं लागत नाही. इथे त्यांचं नाव लिहायचं होतं, मग माझंही आलं. त्यांनी वाचलं, एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथं 'चूक' लिहा. 'त्रुटी' काय असते ते आमाले समजत नाही." मी खोडून चूक लिहिलं.

बायको म्हणाली, "झालं ना? काढा आता मशीन बाहेर." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि चपला घातल्या.

"मॅडम, संग चाला," ते म्हणाले. "मी त्या घरी दोनदा गेलो. पोरानं दार नाही उघडलं."

कोणतं घर ते विचारायची गरज नव्हती. मला जायचं नव्हतं. एकीकडे पोलीस ठाणं, दुसरीकडे कंपनीचा वकील. अशा वेळी मयताच्या घरी जाऊ नये हे मलाही कळतं. पण नाही म्हणायला माझ्यापाशी नीटसं कारण नव्हतं. त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि निघालो. रस्त्यात ते एकदाच बोलले. त्यांनी मला पुढचा खड्डा सांगितला.

दार त्या बाईच्या मुलाने उघडलं. माझ्याकडे पाहून उघडलं असावं. मागे मिस्त्री दिसल्यावर पुन्हा लोटायला लागला. मिस्त्रींनी पान पुढे केलं. त्याने उंबऱ्यातच उभं राहून वाचलं. अर्धं पान वाचायला लागतो त्याहून खूप जास्त वेळ तो वाचत होता. डोकं भादरलेलं होतं, केस नुकते उगवायला लागले होते. मागे भिंतीशी सुपात कुरुड्या होत्या, फडक्याखाली.

"हे तुम्ही लिहिलं?" त्याने मला विचारलं.

"हो."

"म्हणजे आकडा तुमचा."

"हो."

"नेट सगळे बांधतात हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हटलं.

त्याने पान घडी करून खिशात घातलं आणि बाजूला सरकला. मिस्त्रींना म्हणाला, "काका, तुमी या आत. पानी घ्या."

मिस्त्री चपला काढून आत गेले. त्याने दार लोटलं. कडी लावली नाही, पण लोटलं. मी पायरीखाली उभी राहिले. आतून आधी भांड्याचा आवाज आला, मग मिस्त्रींचं बोलणं हलक्या आवाजात सुरू झालं. ऊन चांगलंच चढलं होतं आणि मला निघून जाता येत नव्हतं. मिस्त्री माझ्या गाडीवर आले होते.